आधी सीजी, मग गोंद

कापसाची बंडी भरणाऱ्या माणसाला गुरुत्वमध्य शिकवावा लागत नाही. गाठोडी आसाच्या मागे सरकली की बंडी उलाळते, जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. ओझं फार पुढे आलं की बंडी धुरजड होते, भार बैलांच्या मानेवर येतो आणि चाल मंदावते. म्हणून जाणता गडी ओझं आसाच्या जरासं पुढे ठेवतो. मॉडेल विमानाचं गणितही याच जातीचं आहे. मात्र उलाळलेली बंडी दोघातिघांना दाबून धरता येते. उलाळ विमान हातातून सुटलं की त्याला धरायला कुणी नसतं. ते दहा-बारा फुटांवर नाक वर काढतं, क्षणभर अडखळतं, एका पंखावर कलंडतं आणि काळ्या मातीत रुततं.

वर्धा, सेलू, आर्वी, हिंगणघाटकडची शाळा-कॉलेजातली मुलं सनबोर्ड कापून, ग्लूगनने जोडून विमान करू लागली की बहुतेकांचा क्रम एकच असतो. आधी सांगाडा, मग पंख, मग शेपटी, मग मोटर आणि सर्वो, आणि सगळं चिकटून झाल्यावर ‘आता सीजी बघू’. हा क्रम उलटा करा, एवढंच मला या लेखात सांगायचं आहे. सीजी म्हणजे विमानाचं सगळं वजन जिथे तोललं जातं ती जागा. ती कुठे हवी हे कागदावर आधी ठरतं, तिथे यावी म्हणून सामान मांडलं जातं, गोंद त्यानंतर. ठरवलेली जागा नेमकी बरोबर होती का, याचं उत्तर मग उडतं विमान देतं.

जागा कुठली?

साध्या विमानात, म्हणजे पंख पुढे आणि शेपटी मागे अशा रचनेत, सीजी पंखाच्या पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या २५ ते ३३ टक्के मागे असतो. पहिल्या उड्डाणासाठी २५ ते ३० टक्क्यांतच राहा. पंख सरळ आयताकृती असेल तर पट्टी पुरे. २० सेंटिमीटर रुंदीच्या पंखावर पुढच्या कडेपासून ५ ते ६ सेंटिमीटरवर खूण करा, झालं.

पंख टोकाकडे निमुळता असेल तर मुळाशी मोजलेली रुंदी चालत नाही, सरासरी रुंदी काढावी लागते. ती वर्तमानपत्राच्या कागदावर काढता येते. अर्ध्या पंखाची पूर्ण आकाराची आकृती काढा. मुळाशी असलेली रुंदीची रेषा मागच्या बाजूला वाढवा, टोकाच्या रुंदीएवढी. टोकाची रेषा पुढच्या बाजूला वाढवा, मुळाच्या रुंदीएवढी. या दोन वाढवलेल्या टोकांना जोडणारी एक रेष मारा. दुसरी रेष मुळाच्या रुंदीच्या मध्यापासून टोकाच्या रुंदीच्या मध्यापर्यंत. दोन्ही रेषा जिथे छेदतात तिथली पंखाची रुंदी ही तुमची सरासरी रुंदी, आणि टक्केवारी मोजायची ती तिथल्या पुढच्या कडेपासून.

एक उदाहरण पुरतं करून बघू. मुळाशी २४ सेंटिमीटर, टोकाशी १६ सेंटिमीटर, अर्धा पंख ६० सेंटिमीटर लांब, आणि पुढची कड टोकाला ४ सेंटिमीटर मागे गेलेली. रेषा छेदतात त्या ठिकाणी, म्हणजे मुळापासून २८ सेंटिमीटरवर, रुंदी जवळपास २०.३ सेंटिमीटर भरते. तिथे पुढची कड मुळाच्या मानाने १.९ सेंटिमीटर मागे आहे. २८ टक्के धरले तर २०.३ चे ५.७ होतात, त्यात १.९ मिळवा. सीजी मुळाशी असलेल्या पुढच्या कडेपासून ७.६ सेंटिमीटर मागे हवा. मुळाच्याच रुंदीचे २८ टक्के काढले असते तर उत्तर ६.७ आलं असतं आणि विमान विनाकारण धुरजड झालं असतं. पंख जितका जास्त मागे झुकलेला, तितकी ही चूक मोठी होते.

दुसऱ्या रचनांना हे आकडे लावू नका. शेपटीच नसलेल्या उडत्या पंखाला आणि डेल्टाला १५ ते २० टक्के बस झाले, त्याच्या मागे ते चिडखोर होतात. दोरीला धरून गोल फिरवायच्या कंट्रोल-लाइन मॉडेलचा सीजीही पुढेच ठेवतात, म्हणजे दोरी ताणलेली राहते. रबराच्या पिळावर उडणाऱ्या मुक्त मॉडेलांत शेपटीही उचल देते, तिथे सीजी ५० टक्क्यांच्या मागे सर्रास असतो. ज्या जातीचं विमान, त्या जातीचा आकडा.

पुढेच का?

पंख आणि शेपटी मिळून विमानात एक तटस्थ बिंदू असतो. झुळकेने नाक उचललं गेलं की पंखाची आणि शेपटीची उचल वाढते, आणि ही वाढलेली उचल त्या बिंदूवर लागते. सीजी त्याच्या पुढे असेल तर वाढीव उचल शेपटीकडचा भाग वर ढकलते, नाक आपोआप खाली येतं आणि विमान सावरतं. सीजी मागे गेला की तीच उचल नाक आणखी वर नेते. म्हणून उलाळ विमानाला दर क्षणी दुरुस्ती लागते आणि माणसाचा हात तेवढा जलद नसतो.

तटस्थ बिंदूचा अंदाज शेपटीवरून येतो. शेपटीचं क्षेत्रफळ गुणिले तिचं पंखापासूनचं अंतर, भागिले पंखाचं क्षेत्रफळ गुणिले सरासरी रुंदी. १२० बाय २० चा पंख, म्हणजे २४०० चौरस सेंटिमीटर. ४८० चौरस सेंटिमीटरची शेपटी ५० सेंटिमीटर मागे. उत्तर ०.५ येतं. अशा विमानाचा तटस्थ बिंदू ढोबळमानाने ४५ ते ४८ टक्क्यांवर पडतो. सीजी ३० टक्क्यांवर ठेवला की मध्ये १५ टक्क्यांचं अंतर उरतं आणि शिकणाऱ्याला ते हवंच असतं. शेपटी लहान किंवा जवळ असेल तर हा बिंदू पुढे सरकतो, मग ३३ टक्केही धोक्याचे ठरू शकतात. नकाशातली शेपटी ‘जरा छान दिसावी’ म्हणून छोटी करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

खऱ्या विमानांतही हे अंतर कामाप्रमाणे ठरतं. कोल्हापूर जिल्ह्यात जन्मलेले आणि गटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्याकडे शिकलेले डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये एचटी-२ हे शिकाऊ विमान घडवलं. ते ऑगस्ट १९५१ मध्ये पहिल्यांदा उडालं. शिकाऊ विमान स्वतःहून सावरणारं लागतं. याच्या उलट तेजस. ४ जानेवारी २००१ ला पहिल्यांदा उडालेलं हे लढाऊ विमान मुद्दाम अस्थिर ठेवलं आहे, म्हणजे ते झटकन वळतं, आणि त्याला तोलून धरण्याचं काम संगणक करतो. हल्ली स्वस्तात मिळणारे जायरो असलेले रिसीव्हर आपल्या छोट्या विमानात तेच करतात. तिथेच फसगत होते. जायरो चालू असताना उलाळ विमानही शहाण्यासारखं उडतं, आणि वेग कमी झाला की एकदम हातचं जातं. सीजी शोधत असाल तर जायरो बंद ठेवा.

गोंदाआधीची मांडणी

मोटर, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट), बॅटरी, रिसीव्हर, सर्वो, चाकं, पंख, शेपटी, सगळं वेगवेगळं वजन करा. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा चालतो. बॅटरीच्या वेष्टनावरचं वजन वाचून लिहू नका, बॅटरी काट्यावर ठेवा, वायर आणि कनेक्टरसकट. ही सक्ती मी उगाच करत नाही. ८ जानेवारी २००३ ला अमेरिकेत शार्लट इथे बीचक्राफ्ट १९००डी जातीचं विमान उड्डाणानंतर लगेच कोसळलं आणि आतले सगळे २१ जण गेले. देखभालीत एलिव्हेटरची, म्हणजे नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीच्या हलत्या पात्याची, जोडणी चुकली होती हे एक कारण. दुसरं, प्रवाशांची आणि सामानाची वजनं सरासरी आकड्यांनी धरली होती, खरं वजन त्याहून जास्त होतं आणि सीजी मर्यादेच्या मागे गेला होता. त्यानंतर तिथल्या सरासरी वजनांचे आकडेच बदलावे लागले.

वजनं हातात आली की रिकामा सांगाडा टेबलावर ठेवा, पंख आणि शेपटी रबरबँडने किंवा मास्किंग टेपने तात्पुरती बसवा आणि सामान जागच्या जागी टेपने अडकवा. आता तोलून बघा. विमान मागे झुकलं तर सर्वो पुढे घ्या, दांडी लांब करा, शेपटीच्या जोडावरचा ग्लूगनचा गोळा कमी करा. सनबोर्डवरचा कागद शेपटीपुरता सोलून टाकला तरी फरक पडतो.

शेपटीतल्या वजनाची खरी किंमत इथेच कळते. समजा विमान ९०० ग्रॅमचं आहे आणि सीजी हव्या त्या जागेच्या दीड सेंटिमीटर मागे पडतो. ९०० गुणिले १.५ म्हणजे १३५०, एवढं मोमेंट फेडायचं आहे. १८० ग्रॅमची बॅटरी साडेसात सेंटिमीटर पुढे सरकवली की फिटलं, कारण १८० गुणिले ७.५ बरोबर १३५०. पुढे जागाच नसेल तर? नाकाचं टोक सीजीपासून २५ सेंटिमीटरवर असेल तर तिथे ५४ ग्रॅम शिसं लागेल. तेच मोमेंट शेपटीतून काढायचं, आणि शेपटी ५५ सेंटिमीटर मागे असेल, तर साडेचोवीस ग्रॅम कमी केले की भागतं. म्हणजे शेपटीतला प्रत्येक ग्रॅम नाकावर सव्वादोन ग्रॅम मागतो. ५४ ग्रॅम शिसं डकवलेलं ९५४ ग्रॅमचं विमान आणि शेपटी हलकी केलेलं ८७६ ग्रॅमचं विमान एकाच जागी तोललं जातं, पण दुसरं कमी वेगात उडतं, हळू उतरतं आणि पडलं तरी कमी मोडतं. शिसं लावणं हा शेवटचा उपाय.

तो करायची वेळ आलीच तर टायरच्या दुकानात चाकं बॅलन्स करायला मिळणाऱ्या ५ आणि १० ग्रॅमच्या चिकटपट्टीच्या वड्या घ्या. अंदाज घेण्यापुरती नाणीही चालतात. २०११ च्या मालिकेतलं ५ रुपयांचं नाणं ६ ग्रॅमचं, १० रुपयांचं ७.७१ ग्रॅमचं. नाकावर टेपने लावत जा, विमान समतोल झालं की काढून बेरीज करा आणि तेवढी वडी आत पक्की बसवा. वजन नाकाच्या जितकं टोकाला, तितकं कमी लागतं.

बोटांवर तोलताना

खूण पंखाच्या खालच्या बाजूला (विमान उलटं तोलायचं असेल तर वरच्या बाजूला), सांगाड्याच्या दोन्ही अंगांना सारख्या अंतरावर करा. बॉलपेनची बारीक रेघ नको, टिकलीएवढी छोटी फुगीर चकती किंवा दुमडलेल्या टेपचा तुकडा चिकटवा, म्हणजे बोटाला न बघता जागा सापडते. विमान उडायला निघताना असतं तसं पूर्ण हवं: बॅटरी आत, झाकण लावलेलं, प्रोपेलर काढलेला. इथे वाचक थांबतील, आणि थांबावंच. मोटर जोडलेल्या बॅटरीसह विमान चेहऱ्यासमोर धरायचं असेल तर प्रोपेलर नकोच. त्याचं वजन लक्षात ठेवा आणि तेवढं नाकावर टेपने लावा.

पंख वर असलेलं विमान सरळ तोला, पंख खाली असलेलं उलटं. पंख खाली असताना बहुतेक वजन बोटांच्या वर येतं आणि विमान कुठल्याही बाजूला कलंडू पाहतं. सीजी बरोबर असला तरी चुकल्यासारखा वाटतो. उलटं केलं की सांगाडा बोटांखाली लोंबतो आणि तोल शांतपणे कळतो. दोन्ही तर्जन्यांवर विमान उचला आणि सांगाड्याकडे बाजूने बघा. नाक किंचित, अगदी किंचित खाली असावं. हात थरथरत असेल तर फळीवर मागे खोडरबर असलेल्या दोन पेन्सिली, खोडरबर वर करून, उभ्या बसवा. घरचा स्टँड तयार. त्याच्यावर दोन-तीन मिलिमीटरचा फरकही दिसतो. पंख्याखाली हे करू नका, पंख्याची हवा सगळं खोटं करते.

पेट्रोल किंवा ग्लो इंजिनाचं मॉडेल रिकाम्या टाकीने तोला. टाकी सहसा सीजीच्या पुढे असते, म्हणून इंधन जळत जाईल तसं विमान उलाळ होत जातं. भरल्या टाकीने बरोबर आलेला तोल उतरताना तुम्हाला सोडून जातो. टायगर मॉथ या जुन्या शिकाऊ विमानात इंधनटाकी वरच्या पंखात, जवळजवळ सीजीच्या वरच होती, आणि एकटा वैमानिक असला तर मागच्या जागेवर बसायचा, कारण पुढची जागा सीजीजवळ असल्यामुळे ती रिकामी राहिली तरी तोल ढळत नसे. शक्य असेल तिथे आपणही बॅटरीची आणि टाकीची जागा अशीच विचारपूर्वक ठरवावी.

शिक्षकांसाठी एक वेगळी पद्धत सुचवतो. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत हाताच्या कामातून शिकवण्याची, नई तालीमची, मांडणी झाली. या जिल्ह्यातल्या शाळेला हा धडा परका वाटायला नको. दोन काटे घ्या. एकावर मुख्य चाकं, दुसऱ्यावर शेपटीचं चाक, आणि सांगाडा उडताना असतो तसा आडवा होईल इतपत शेपटीखाली ठोकळा (ठोकळ्याचं वजन आधी शून्य करून घ्या). समजा पुढचा काटा ८१० दाखवतो, मागचा ९०, आणि दोन्ही चाकांमध्ये ६० सेंटिमीटर अंतर आहे. ९० गुणिले ६० भागिले ९००, उत्तर ६. सीजी मुख्य चाकांच्या ६ सेंटिमीटर मागे. मोठ्या विमानांचं वजन आणि सीजी काढायची रीतही मुळात हीच आहे. नववीच्या मुलाला हे पाच मिनिटांत समजतं, आणि मोमेंट म्हणजे काय हा प्रश्न पुन्हा उरत नाही.

आडवा तोलही बघून घ्या. नाक आणि शेपटी धरून विमान उचला, जो पंख खाली जातो त्याच्या विरुद्ध टोकाला एखादी छोटी वडी किंवा खिळा बसवा. एवढं पुरे.

विमानाला विचारा

पहिली फेक बिनमोटर, वाऱ्याच्या तोंडावर, मऊ गवतावर. खांद्याच्या उंचीवरून, क्षितिजाच्या किंचित खाली रोखून, ढकलल्यासारखं सोडा. हात उगारून फेकू नका. सरळ, लांब आणि सावकाश उतरलं तर पुढे जा. नाक वर काढून थबकलं आणि आपटलं तर उलाळ आहे. सुळकन खाली गेलं तर धुरजड, किंवा एलिव्हेटर खाली लागलेला. इथे घाई करू नका, कारण ट्रिम आणि सीजी एकमेकांची चूक झाकतात. धुरजड विमानाला एलिव्हेटर वर लावून सरळ उडवता येतं, आणि उडवणाऱ्याला वाटतं सगळं ठीक आहे. एलिव्हेटर शेपटीच्या सपाट रेषेत आणा आणि मग फेकून बघा.

खरं उत्तर सुळकीच्या चाचणीत मिळतं. भरपूर उंचीवर विमान सरळ, मध्यम वेगात ट्रिम करा, रिमोटच्या काड्यांवरून हात काढला तरी पातळी राखेल असं. मग थ्रॉटल बंद करा, नाक तीस-चाळीस अंश खाली घाला आणि एलिव्हेटर सोडून द्या. आता बघा. विमान एकदम उसळून वर आलं, तर ते धुरजड आहे. वेग वाढला की वर लावलेला ट्रिम जास्त जोर करतो, म्हणून ते उसळतं. सावकाश, मोठ्या वळणाने नाक उचललं, तर सीजी शिकणाऱ्याच्या कामाचा आहे. ज्या कोनात घातलं त्याच कोनात सरळ जात राहिलं, तर सीजी तटस्थ बिंदूच्या जवळ आहे. सराईत हाताला हे आवडतं, नवख्याला नाही. आणि नाक आणखी खाली खेचू लागलं, तर लगेच बाहेर काढा, हळूच उतरवा आणि बॅटरी पुढे घ्या. वेगात एलिव्हेटर झटका देऊन ओढू नका, सनबोर्डचा पंख तिथेच दुमडतो.

एका वेळी तीन-चार मिलिमीटरच बदला, पुन्हा ट्रिम करा, पुन्हा सुळकी. दोन गोष्टी एकदम बदलल्या की कशाने काय झालं ते कळत नाही.

उतरतानाही विमान बोलतं. धुरजड विमान शेवटच्या क्षणी नाक उचलत नाही, एलिव्हेटर पूर्ण वर ओढला तरी नाकावर टेकतं. उलाळ विमान हळू उडताना बोटाच्या हलक्या स्पर्शालाही उड्या मारतं. दोन्हींत निवडायचंच असेल तर धुरजड घ्या, ते निदान परत येतं.

वर्ध्याचं ऊन, वर्ध्याची माती

आपल्याकडे मे महिन्यात दुपारी पारा ४५ अंशांवर जातो. डिसेंबरच्या सकाळच्या १२ अंशांच्या मानाने तेव्हाची हवा जवळजवळ दहा टक्क्यांनी विरळ असते, आणि तेवढीच उचल मिळवायला वेग पाच-सहा टक्के जास्त लागतो. सीजी उन्हाने हलत नाही, पण ज्या विमानात तोल आधीच काठावर आहे त्याची उरलीसुरली सवलत ऊन काढून घेतं. नवं विमान थंडीच्या सकाळी, कोवळं ऊन पडल्यावर आणि वारा उठायच्या आत उडवा. उन्हाळ्यातल्या वावटळीत सीजीची कुठलीच चाचणी खरी ठरत नाही.

उन्हाचा दुसरा त्रास थेट सीजीला भिडतो. बंद गाडीत किंवा उघड्या मैदानावर ठेवलेल्या विमानात ग्लूगनचा गोंद मऊ पडतो, वेल्क्रोचा चिकट थर सुटतो. जमिनीवर बॅटरी जागेवर दिसते, नाक वर करून चढायला लागलं की ती मागे घसरते आणि नीट तोललेलं विमान हवेत उलाळ होतं. बॅटरीला वेल्क्रोशिवाय पट्टा हवाच, आणि तिच्या मागे फोमचा घट्ट अडसर हवा. उडवण्याआधी विमान नाक वर करून उभं धरा आणि हलवा. बॅटरी तसूभरही सरकता कामा नये.

हरभरा आणि गहू निघाल्यावर मोकळी झालेली वावरं मालकाला विचारून वापरता येतात. पऱ्हाटीचे खुंट उभे असलेलं वावर मात्र टाळा, ते पंखाला आरपार भोक पाडतात. उन्हाळ्यात काळ्या मातीला पडलेल्या भेगांत पुढचं चाक अडकतं, तिथे चाकं काढून पोटावर उतरवलं तर बरं. चाकं काढली की सीजी हलतो, पुन्हा तोला.

जागा निवडताना कायदाही बघावा लागतो. २०२१ च्या ड्रोन नियमांत शिक्षण, संशोधन किंवा छंदासाठी, नजरेच्या टप्प्यात उडवायच्या २५ किलोपर्यंतच्या मॉडेल विमानांचा स्वतंत्र उल्लेख आहे. हिरव्या क्षेत्रात उंचीची मर्यादा ४०० फूट. कुठलं क्षेत्र कोणत्या रंगाचं, हे डिजिटल स्कायच्या नकाशावर दिसतं, आणि तो नकाशा त्या दिवशी, त्या जागेसाठी बघायचा. पुलगावला सैन्याचं केंद्रीय दारूगोळा भांडार आहे, त्या परिसरात छोटंसं ग्लायडरही काढू नका. बोर व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीजवळही नको.

सुळकीची चाचणी मनासारखी झाली की विमान घरी आणून पुन्हा पेन्सिलींच्या स्टँडवर ठेवा आणि आता जिथे तोललं जातं तिथे कायम शाईने खूण करा. नकाशावरची पहिली खूण आणि ही खूण यांत पाच-सात मिलिमीटरचा फरक निघणं अगदी सामान्य आहे, आणि यापुढे खरी मानायची ती ही. शेजारी बॅटरीचं वजन लिहा, आणि बॅटरीचं पुढचं टोक जिथे येतं तिथे सांगाड्याच्या आत एक रेघ मारा. पुढच्या वेळी मित्राची बॅटरी मागून आणली आणि ती ३० ग्रॅम जड निघाली, तर ती रेघेला टेकवून मोकळं होऊ नका, आधी तोलून बघा.